पुरलेला नीरफणस

बेटाच्या धक्क्यावर जहाजाची वाट पाहत रांगेत माझ्यापुढे शाळेचा स्वयंपाकी कीतोक आणि म्हातारी लिजोन उभे होते.

"आजी, तीन आठवडे तांदळाचं जहाज नाही. तू नीरफणस टिकवायला पुरलेला खड्डा उघडला नसतास तर शाळेतली पोरं उपाशी राहिली असती."

"पुरलेल्या नीरफणसाला वास मारतो, असं तूच म्हणायचास ना?"

"म्हणायचो. तांदूळ स्वस्त पडायचा, सोलायची कटकटही नव्हती."

"मग आज रांगेत कशाला उभा आहेस?"

"तांदूळही हवाच. वादळात नीरफणसाची झाडं पडली तर?"

"आता शहाणा झालास."

"तुझा खड्डा मात्र रिकामा झाला, आजी. या हंगामात शाळेमागे दोन खणतो, त्यातला एक तुझा. पुरायला शिकवशील?"

"शिकवते. नाकाला फडकं बांधून येऊ नकोस म्हणजे झालं."