हॅटच्या आतली पट्टी काढल्याबाबत

मी खाली सही करणारा, वय ५४ वर्षे, धंदा पंपांच्या मोटारी दुरुस्त करणे, राहणार बाजारामागची गल्ली, दुकानाच्या वरचा मजला, ठाण्यात समक्ष येऊन विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, माझी पत्नी व माझी थोरली आत्या असे राहतो. जुन्या फौजी स्लाउच हॅट, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या मऊ नमद्याच्या, रुंद काठाच्या, एका बाजूने काठ वर दुमडलेल्या हॅट, कोणत्या देशाच्या, कोणत्या फौजेच्या व केव्हाच्या, हे मी ओळखून देतो. हे मला कोणी शिकवलेले नाही. काठ डावीकडे वळवलेला की उजवीकडे, काठ अडकवायचा आकडा कसला, हवेच्या भोकांना पितळी कड्या आहेत की नुसती शिवण, यावरून बरेच कळते. अंमलदारांनी 'जुनी टोपी' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले आहे.

तक्रारीतली हॅट अशीच असून ती माझ्या आजोबांची, म्हणजे आत्याच्या वडिलांची. ते लढाईत मारले गेल्याचे घरी कळवण्यात आले तेव्हा आत्या लहान होती. लढाई संपल्यावर त्यांच्या तुकडीतला म्हणवणारा एक माणूस हॅट दारात देऊन गेला. बसलाही नाही. तेव्हापासून ती आत्याच्या कपाटात होती व मी हात लावलेला तिला खपत नसे. मागच्या महिन्यात तिने आपणहून काढून दिली. म्हणाली, "जगाच्या टोप्या बघत बसतोस, घरची एक बघ."

बाहेरच्या खुणा पाहून झाल्या. फौज आजोबांचीच, यात शंका नाही. मात्र काठाची शिवण मला पुढच्या काळातली, आजोबा गेल्यानंतरची वाटली. तसे मी जेवताना बोललो. आतल्या चामड्याच्या पट्टीच्या मागे बनवणाऱ्याचा शिक्का व साल असते. ती पट्टी रविवारी वाफेवर सैल करून उचलणार होतो. आत्याने विचारले, "शिक्का चुकीचा असू शकतो का रे?" मी म्हटले, "माणूस चुकेल, शिक्का चुकत नाही."

रविवारी हॅट जागेवर नव्हती. पत्नी म्हणाली, लाँड्रीत गेलीय. मी तसाच गेलो. काठ इस्त्री फिरवून ताटासारखा सपाट केलेला, नमदा घासून काढलेला, पट्टी काढून तिथे नवे रेक्झिन चिकटवलेले. लाँड्रीवाला म्हणाला, "आज दुकानातून आणल्यासारखी झाली की नाही?" जुनी पट्टी कुठे, असे विचारता "कचऱ्याची गाडी कधीच गेली," म्हणाला. मी त्याची गचांडी धरली हे खरे आहे. मारले नाही. तसेच दोघे ठाण्यात आलो व मी त्याच्याविरुद्ध तक्रार दिली.

लाँड्रीवाल्याने येथे सांगितले, "साहेब, आजींनी स्वतः आणून दिली. म्हणाल्या, आतलं कातडं माझ्यासमोर काढ. मी म्हटलं, जपून ठेवायचंय का? म्हणाल्या, टाकून दे." मी त्याला खोटारडा म्हणालो. म्हणून साहेबांनी आत्याला बोलावून घेतले.

आत्या पत्नीबरोबर आली. तिने नाकारले नाही. मी म्हटले, "अगं आत्या, एक दिवस थांबली असतीस तर सगळं कळलं असतं!"

ती म्हणाली, "तेच तर. साल पुढचं निघालं असतं, तर एक तर हॅट बाबांची नाही, नाहीतर बाबा तेव्हा गेलेच नव्हते आणि तरी घरी आले नाहीत. ह्यातलं कोणतं मला जेवताना सांगणार होतास?"

साहेबांनी तिच्यासाठी पाणी मागवले.

माझी लाँड्रीवाल्याविरुद्ध आता तक्रार नाही. तरी नमद्यावर इस्त्री फिरवू नये, एवढी समज त्याला द्यावी. नुकसानीच्या रकान्यात 'काही नाही' असे लिहिले आहे, ते माझ्या संमतीने नाही.

पट्टी गेली तरी तुमच्यासारख्या जाणकाराला बाहेरून साल सांगता येत असेल, असे साहेबांनी विचारले. आत्या बाकावरून ऐकत होती. तर सांगतो की, नेमके साल सांगता येत नाही. शिवण पुढची आहे असे मी बोललो, ते चष्मा न लावता बोललो. शिवण आजोबांच्या वेळचीच आहे. हे स्पष्ट लिहावे.

वरील मजकूर अंमलदारांनी मोठ्याने वाचला. आत्यानेही ऐकला. मी जसा सांगितला तसाच लिहिला आहे.

सही