चिलटं खाणारं झाड

नाही हो भाऊ, दुसरं नको, हेच जगवा — नर्सरीवाल्यांच्या हाताला गुण असतो म्हणतात, म्हणून तर कुंडी उराशी धरून आणली. बटरवर्ट की काय ना हे? माझ्या मुलाने आणलेलं. पानांना लोणी फासल्यासारखा चिकटा, चिलट बसलं की खलास — पाय सुटत नाही, पानाची कड हळूच वळते, मागे नुसतं टरफल. मी म्हणायची, "झाड आणलंस की मांजर?" हसायचा... गेला तो. हो, गेलाच. अपघातात. मग सूनच याचं करायची. नळाचं पाणी सोसत नाही म्हणून बॅटरीत घालायचं पाणी आणायची, चिलटं यावीत म्हणून शेजारी पिकलेलं केळं! एरवी माझ्याशी चार शब्द नाहीत, पण याच्यापाशी बसली की हाक मारायची — "आई, बघा, नवं पान आलं." धावत जायची मी, हातातलं टाकून.

खत? घातलं ना, मीच घातलं, चांगलं मूठभर! ती बहिणीकडे गेलेली, मला वाटलं खंगलंय बिचारं. भुकेलं दिसलं की वाढायचं, एवढंच येतं मला. — काय? खतानेच जळलं? निकस मातीतच वाढतं हे? असं कसं हो!

ती आज येणार. हे असं पाहिलं तर कशाला थांबेल? पोटची मुलगी थोडीच आहे, की भांडून परत येईल! बहिणीने स्थळ आणलंय तिच्यासाठी. मला सांगितलं नाही, दाराआडून ऐकलं मी. परवा फोन करून म्हटलं, छातीत दुखतंय, लवकर ये — काही दुखत नव्हतं हो. असं का बघताय? रिकाम्या घरात राहून बघा एकदा!

हं? हे एक पान हिरवं आहे? देठातून काढून ओल्या शेवाळावर ठेवलं की पिल्लू फुटतं? मग काढा ना — हळू, हळू — थांबा, तिचाच फोन.

हॅलो, बोल बाळा... अं? पाहून गेले?... तुला आवडला का?... नाही गं, रडत नाहीये, बाहेर आहे, धूळ आहे इथे... माझं दुखणं? खोटं होतं ते. ऐकलंस ना? खोटं. तू हो म्हण... राहा तिथेच. आज नको येऊस.

...लावा ते पान, भाऊ. नाही, माझ्याकडे नको, इथेच वाढू द्या. आणि सरका जरा, जाऊ द्या मला.