अळणी आठवडा

अमरावतीच्या मोटार स्टँडवर नागपूरचे डॉक्टर फाटक मोर्शीच्या गाडीची वाट पाहत बसले होते. मांडीवर तीन वर्षांच्या नोंदींची वही होती. वऱ्हाडातला माणूस मीठ किती खातो अन् त्याचा रक्तदाब किती भरतो, हे त्यात गावोगावचं लिहिलेलं. पाठीमागच्या बाकावर, त्यांनी कालच तपासलेल्या बार्शीटाकळीचं एक माळी जोडपं शिदोरी सोडून बसलं होतं.

"पुरे ना मीठ! ठेच्यात हाये तेवढं पुरत नाई काय?"

"टाकू दे वं. आठ दिस अळणी खाऊन माही जीभ मेली."

"अन् मी अळणी रांधून रांधून कावली, त्याचं काय? डाक्टरनं सांगतलं होतं काय तसं?"

"सांगतलं नोतं. पन दरसाली इचारते ना, मीठ किती खाता म्हून? मानूस नागपुरावून येते, त्याच्यासमोर पारा वर चढवाचा? गावाची इज्जत हाये का नाई?"

"म्हून पाटलानं गावभर अळणी खाची दवंडी देल्ली!"

"देवाच लागते. खुश झाला ना डाक्टर? असं गाव पाह्यलं नाई म्हने."

"तुमच्या डोयासमोर अंधारी येते, ते सांगतलं काय त्याले?"

"पारा चांगला निंगाला, मंग कायले सांगू?"

डॉक्टरांनी वही फाडकन मिटली. आता सारी भिस्त मोर्शीवर होती.

"जाऊ द्या. लेकीच्या घरी तरी चवीचं खाऊ."

"कायचं चवीचं! डाक्टर उद्या मोर्शीलेच चालला. म्या व्याह्याले कवाच चिठ्ठी टाकली. समदी मोर्शी आठ दिसापासून अळणी खाऊन राह्यली."