पडणारा माणूस

कर्जतच्या एसटी स्टँडवर कमळाकर रांगेत उभा होता आणि पुढचे दोघे अनोळखी त्याच्याच दहिवलीची गोष्ट चघळत होते.

"बौद्धवाडीत नळ आला म्हनं."

"येनारच. मागल्या इलेक्शनला दोघा बड्यांच्या मधी त्यांचा एक उभा राह्यला. कमळाकर का कोन. नळ मागत फिरला. साठ मतं पडली."

"साठच?"

"पन त्या साठापायी दोघांतला एक सायेब चाळीसनं पडला ना. मग ह्या टायमाला सायबानं त्या कमळाकरचंच नळाचं भाषण केलं. वाडीची मतं घेतली, निवडून आला, नळ दिला."

"आन् तो कमळाकर?"

"त्याला आता कोन इचारतो? पावनं, तुमी कुठले?"

कमळाकरने गावाचं नाव तेवढं सांगितलं.

"मग तुमचं बरं हाय. आमच्याकडं असा पडायला कुनी तयार नाय."