हात राखून केलेली भाजी

मुलीची आई : विहीणबाई, ती कढई खोक्यात भरू नका. आधी भाजी होऊ दे, मग ठरवू ती कोणाकडे जायची ते.

मुलाची आई : न्या हो तुम्हीच. लग्नात तुम्हीच दिली होती.

मुलीची आई : दिली होती, आणि तुम्ही म्हणाला होतात, ‘बूड पातळ आहे.’ भर पाहुण्यांत!

मुलाची आई : होतंच पातळ. तेवढ्यावरून वर्षभर अबोला धरलात माझ्याशी.

मुलीची आई : तुमच्याशी अबोला. बाकी सगळ्या गोतावळ्यात सांगत फिरले की!

मुलाची आई : आलं होतं माझ्या कानावर. तेव्हा राग आला होता, आता हसू येतं. आणि वाईटही वाटतं. आपलं सूत जुळलं आणि ह्या दोघांचं तुटलं.

मुलीची आई : लीक उभे चिरलेत ना? कांद्याच्या जाड पातीसारखेच ते, पापुद्र्यांत माती अडकते.

मुलाची आई : चिरून पाण्यात सोडलेत. पाणी बदललं तरी तळाशी माती बसतेच आहे. हिरवा भाग घेऊ का?

मुलीची आई : कोवळा घ्या, जून टाकून द्या.

मुलाची आई : टेम्पो भरून झाला की दोघं वर येतील. लगेच गरम वाढायचं. एकदा एका टेबलाशी बसली म्हणजे...

मुलीची आई : म्हणजे काय? वेगळं व्हायच्या कागदांवर सह्या झाल्या, आज घरही सोडताहेत. भाजीत काय डिंक घालणार आहात?

मुलाची आई : वेडी आशा म्हणा. पण बसू तर देत. त्याला मी किती दिवसांत पोटभर जेवताना पाहिलं नाही.

मुलीची आई : बरं. मग तुमच्या पद्धतीने आच मंद करा, झाकण घाला. मी मिरच्या भाजायला घेते.

मुलाची आई : आमच्याकडे लीक लोण्यात शिजायचे. ह्या दोघांनी दूध, लोणी, दही सगळं सोडलं आणि माझी निम्मी भाजी गेली.

मुलीची आई : माझ्या चटणीतलं दही गेलं, तिचं काय? दोन लंगड्या बायकांनी एकमेकींना धरून उभं राहावं तसं झालं आपल्या भाज्यांचं. तुमचे लीक, व्हिनेगर आणि चिमूटभर साखर. माझी मिरची, लसूण आणि वाटलेले तीळ.

मुलाची आई : मिरच्या किती घेतल्यात?

मुलीची आई : नेहमीच्याच. बेताच्या. तुमच्याकडे तिखट खात नाहीत ना.

मुलाची आई : कोणी सांगितलं? आमच्याकडे ह्यात मूठभर काळी मिरी कुटून पडते. नाकातोंडातून पाणी आल्याशिवाय आमच्याकडे कोणी भाजीला चांगलं म्हणत नाही.

मुलीची आई : मग तुम्ही ती घालत का नाही?

मुलाची आई : तुमची मिरची असते ना. त्यावर माझी मिरी कशाला? म्हटलं, तुम्हाला वाटायचं, हिला माझं तिखट पुरत नाही.

मुलीची आई : अहो! म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्यासाठी मिरची कमी घालतेय आणि तुम्ही माझ्यासाठी मिरी घालतच नाही?

मुलाची आई : आणि दोघी म्हणायचो, ‘छान झालीय हो.’

मुलीची आई : डोंबलाची छान! मिळमिळीत व्हायची. घरी जाऊन मी कच्ची मिरची चावायचे.

मुलाची आई : पोरांचंही असंच झालं, नाही? एकदाही भांडली नाहीत. मी शेजारणीला कौतुकाने सांगायचे, माझ्या मुलाच्या घरातून आवाज येत नाही. मीच त्याच्या कानीकपाळी ओरडत आले होते, ‘जमवून घे, दुसऱ्याचं मन सांभाळ.’

मुलीची आई : एकट्या तुम्हीच नका घेऊ अंगावर. माझी पोरगी माहेरी भांडी आपटायची. इथे आली आणि एकदम गरीब गाय झाली. मी म्हटलं, चला, शहाणी झाली. ती नुसती गप्प झाली होती हो. आई असून मला कळलं नाही.

मुलाची आई : घाला त्या सगळ्या मिरच्या. मी मिरी कुटते.

(दोघींना ठसका लागतो. दार उघडून मुलगी आत येते.)

मुलगी : अगं आई, अहो आई, काय चाललंय काय? जिन्यापर्यंत खकाणा आलाय!

मुलाची आई : ये गं. तो कुठाय?

मुलगी : खाली. खोकी चढवून झाली, हे राहिलेलं मी माझ्याकडे नेणार आहे.

मुलाची आई : वर येतोय ना पण?

मुलगी : त्याने विचारलं, ‘मी वर आलो तर चालेल का तुला?’ मी म्हटलं, ‘तुला यायचं असेल तर ये.’ तर म्हणाला, ‘तुला अवघड वाटणार असेल तर राहू दे.’

मुलीची आई : मग?

मुलगी : मग मी जिना चढले.

मुलीची आई : नुसतं ‘ये’ म्हणायला काय झालं होतं तुला? यायला हवा होता ना तो?

मुलगी : हो.

मुलीची आई : अगं मग!

मुलगी : त्यालाच नको असेल तर? उगाच गळ्यात कशाला पडायचं, आई?

मुलाची आई : तू आधी घास खा बरं. उभ्याउभ्या का होईना.

मुलगी : बाप रे! ही आपली भाजी? ही तर वेगळीच आहे.

मुलीची आई : हीच खरी. आजवर आम्ही दोघी हात राखून करत होतो.

मुलगी : अशी का नाही केलीत कधी? त्याला अशीच आवडली असती. बाहेर जेवताना तो सगळ्यावर वरून तिखट मागून घ्यायचा. घरी कधी नाही मागितलं.

मुलाची आई : माझ्याकडेही नाही मागितलं गं कधी.

मुलीची आई : विहीणबाई, खिडकीतून हाक मारा. आईची हाक नाही टाळायचा तो.

मुलाची आई : मारते की. पण त्या हमालांसमोर? मोठ्या कष्टाने मन घट्ट केलं असेल त्याने. मी हाक मारली तर बिचाऱ्याला यावंच लागेल.

मुलीची आई : अहो, येऊ दे ना!

मुलाची आई : मारते, मारते. हात तेवढे पुसते.

मुलगी : अहो आई, टेम्पो सुरू झाला.

मुलीची आई : सरका, मी बोलावते. अहो जावईबापू! अहो, वर या! जेवायला या!... वळला कोपऱ्यावरून.

मुलगी : पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. काच वर होती. ऐकू नसेल गेलं.

मुलाची आई : मी मारणारच होते हाक.

मुलीची आई : माहितीय मला. बसा इथे. पाणी घ्या.

मुलगी : अहो आई, तो आला असता तर काय म्हणणार होतात त्याला?

मुलाची आई : काय म्हणणार, बाळा. बस म्हणणार होते. गरम आहे तोवर खाऊन घे, म्हणणार होते.