सुंदर काउलिंग आणि ऑइलचा प्रश्न

मला हुशार म्हणता ना, मग माझी फजिती ऐका. नव्वदच्या दशकात बंगळूरच्या एका फ्लाइंग क्लबात जुनी, दोन सीटांची विमानं होती. त्यांची इंजिनं फार तापायची. मी पुण्याहून नुकतीच आले होते, आणि इंजिनावरचं झाकण, म्हणजे काउलिंग, आत हवा नीट खेळेल असं सुधारून द्यायचं काम माझ्याकडे आलं. आठ महिने खपून मी फायबरग्लासचं असं गुळगुळीत काउलिंग केलं की येणारे-जाणारे त्यावरून हात फिरवायचे.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी क्लबाचे म्हातारे मेकॅनिक आले. ते पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचेच मराठी, बोलण्यात कानडी शब्द यायचेच. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"छान झालंय, अक्का. पण ऑइल कुठून बघायचं?"

ऑइल प्रत्येक उड्डाणाआधी बघावं लागतं, आणि त्यासाठी लागणारं छोटं दार मी ठेवलंच नव्हतं. पायलट आत बसलेला होता. मला रडू यायला लागलं.

"स्वल्प थांबा," म्हणत अण्णांनी काउलिंगवर खडूनं चौकोन आखला आणि करवत माझ्या हातात दिली. "तुम्ही बनवलंय, तुम्हीच कापा."

मी तो चौकोन कापून काढला. काठ पक्के करून, त्याच तुकड्याला बिजागरी लावून दार बसवलं, आणि दोन दिवसांनी विमान उडालं. उतरल्यावर पायलट म्हणाला, "इंजिन अजिबात तापलं नाही."

मी अण्णांचे आभार मानले.

"सरी," म्हणजे ठीक आहे, असं ते म्हणाले, "दुसऱ्या विमानाचं कराल तेव्हा आधी मला चहाला बोलवा."

बोलावलं. चहा संपेपर्यंत त्यांनी माझ्या नव्या ड्रॉइंगमध्ये चार चुका काढल्या.