नानांचं 'हवंय' बटण

...नाही, पण मला एक सांगा, टॅबवरच्या बटणावर 'हवंय' असं लिहिलंय, शेजारी एवढासा खाली बघणारा बाण आहे, बाण दाबला की खाली बावीस गोष्टींची यादी उघडते, पाणी, चहा, दूध, सूप, पंखा चालू, पंखा बंद, उशी वर, उशी खाली, खिडकी उघडा, खिडकी लावा... पडून असलेल्या माणसाला आणखी लागतं काय हो? आणि आमचे नाना काय करायचे? बाण दाबायचे, यादी उघडायचे, चष्मा वर करून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि यादीच्या बाहेर कुठेतरी बोट टेकवायचे. यादी गुडुप! परत बाण, परत यादी, परत गुडुप! मी समोर उभा. म्हटलं, नाना, पाणी? मान आडवी. चहा? आडवी. पाठ दुखतेय? आडवी, आणि वर असा एक कटाक्ष, की गाढवा, तू कोणाचा मुलगा? अहो पण मग हवंय तरी काय?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी लिफ्टवाला. म्हणजे बसवणारा नाही, अडकली की येणारा. तीस वर्षं माझी बटणांत गेली, पण ती बटणं सरळमार्गी, चार दाबलं की चौथा मजला, विषय संपला. नाना म्हणजे माझे वडील. सार्वजनिक बागेत मुख्य माळी होते पस्तीस वर्षं. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता कलंडले. उजवा हात गेला आणि वाचा गेली. कळतं सगळं, वाचता येतं सगळं, पण तोंडातून शब्द म्हणून निघेना. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं, म्हणाल्या, "हे बघा, त्यांच्याशी देवाणघेवाण चालू ठेवा. आवाज आज नसेल, उद्या येईल. पण माणूस एकदा आतल्या आत मिटला ना, की मग औषधाचा उपयोग नसतो." घरी येईपर्यंत डोक्यात एकच, नाना मिटता कामा नयेत.

मग आली आमची भाची. माझ्या बहिणीची मुलगी, कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे, दिवसभर हेच करते. टॅब घेऊनच आली. "मामा, सोप्पंय, आपण आजोबांना एक ड्रॉप-डाउन बटण करून देऊ." मी म्हटलं, बाई, हे ड्रॉप-डाउन म्हणजे काय, आणि पडतं कुठे? म्हणाली, "बसा इथे. आधी बटणाला नाव द्यायचं. मग यादीतल्या ओळी लिहायच्या. मग त्यांचा क्रम लावायचा. मग कुठली ओळ दाबली की काय व्हायचं, ते एकेका ओळीला जोडायचं." मी विचारलं, "आणि ओळ लिहिली, पण काही जोडलंच नाही तर?" "तर ती नुसती दिसेल, मामा. दाबली तरी काही होणार नाही." म्हटलं, कळलं, असे दोन साहेब आहेत आमच्याकडे!

पण काय गंमत असते हो त्यात! मी बटण सरकवून अगदी स्क्रीनच्या तळाशी नेलं, म्हटलं बघू आता यादी कुठे पडते ते, आणि बाण दाबला तर यादी वर उघडली! वर! मी ओरडलोच, अगं, ही वर गेली! भाची म्हणते, "खाली जागा नसली की वरच उघडते, तिला कळतं." कळतं? मी ज्यांच्या पाया पडतो त्या लिफ्टांना तीस वर्षांत एवढं कळलं नाही! पंधरा-वीस वेळा उघडबंद केली मी ती यादी. मग पंखा चालू असताना 'पंखा चालू' ही ओळ करडी कशी करायची, दोन ओळींच्या मध्ये बारीक रेघ कशी मारायची, 'दुखतंय' दाबलं की बाजूला दुसरी यादी कशी फुटते, डोकं, मान, पाठ, गुडघा... बायको आतून ओरडतेय, "अहो, खेळ नानांसाठी आहे की तुमच्यासाठी?" आणि प्रत्येक ओळीला माझा आवाज. 'मला पाणी हवंय', 'मला उशी वर हवीय', बावीसच्या बावीस वाक्यं मी खणखणीत बोलून भरली.

तर असं ते बटण. आणि नानांचं ते बाण, यादी, गुडुप! मग घरातल्या प्रत्येकाला वाटायला लागलं की नानांना काय हवंय ते फक्त आपल्यालाच कळलंय. बायको म्हणाली, "पाय चेपून द्या, हे घाला." घातलं. आत्या आली, नानांची धाकटी बहीण, ती दारातूनच, "अरे, गरम पाण्याची पिशवी घाल! आणि थंड पाण्याचीही घाल हो, दादा पहिल्यापासून लहरी आहे!" घातल्या. व्यायाम करून घेणारा तो उंच, मिशीवाला माणूस येतो ना, तो म्हणाला, "व्यायाम सगळ्यात वर ठेवा." ठेवला. आणि नाना बाण दाबायला गेले की बोट घसरून नेमकं त्याच पहिल्या ओळीवर! एका दिवसात तीनदा टॅब म्हणाला, 'मला व्यायाम हवाय', माझ्या आवाजात, आणि तीनदा तो मिशीवाला खूश होऊन नानांचा हात वर, हात खाली. नानांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याच संध्याकाळी व्यायाम पार खाली नेऊन टाकला. यादी गेली एक्केचाळिसावर. आत्या म्हणते, "दुखतंयमध्ये करंगळी राहिली." म्हटलं घाल बाई, करंगळीही घाल! पण नानांना हवंय काय, ते कोणी सांगायचं?

आणि मग एका दुपारी, बायको कामावरून आली, पिशवी खाली ठेवतेय, एक चप्पल अजून पायात, आणि आतून आवाज, गोड, तरुण मुलीचा आवाज, "कधी आलीस गं? दमलीस का? जेवलीस का?" बायको एका पायावर उभी! "अहो, घरात कोण आहे?" मी धावलो. कोणी नाही. नाना आणि टॅब. नानांचं बोट टॅबवर. दहा मिनिटांनी मी समोर गेलो तर मलाही तेच, "कधी आलीस गं?" मला! दुसऱ्या दिवशी तो मिशीवाला आत पाऊल टाकतोय तोच, "दमलीस का? जेवलीस का?" तो लाजला हो! एवढा धिप्पाड माणूस, कानापर्यंत लाल!

मी भाचीला फोन लावला. ती हसून हसून बेजार. "अय्या मामा, ती माझी चाचणीची ओळ आहे! लांबलचक वाक्य यादीत मावतं का आणि टॅबमधला तयार आवाज बरोबर जोडला जातो का, ते बघायला मी गेल्या खेपेला टाकली होती, अगदी तळाला. काढायची राहिली! काढून टाका ना तुम्हीच." आता यंत्रात नको ती वस्तू राहिली की ती काढायची, हा तर माझा धंदा. ओळीवर बोट दाबून धरलं, फुली आली, 'नक्की काढायचं?' असं विचारलं, मी 'हो' म्हटलं. गेली. हात झटकून उठलो. त्याच समाधानात चहा प्यायलो मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी बाण दाबला. यादी उघडली. बोटाने वर सरकवत सरकवत तळाला गेले. थांबले. परत पहिल्यापासून खालपर्यंत. परत थांबले. आणि मग डाव्या हाताने टॅब उचलला आणि पालथा घातला. बस्स! त्या दिवसापासून नाना भिंतीकडे तोंड करून. सूप दोन चमचे, तिसऱ्याला ओठ बंद. मिशीवाल्याने हात उचलला की हात तसाच पडायचा. चार दिवस! डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, जाताना म्हणाल्या, "घरात काही झालं का हो?" काय झालं? काहीच नाही झालं! घाबरलो मी, तुम्हाला खरं सांगतो. बसलो आणि ओळी वाढवत सुटलो. जुना रेडिओ, बागेचे फोटो, मऊ चादर, जाड चादर, दाढी करा, एकटं सोडा... त्रेसष्ट! त्रेसष्ट ओळी झाल्या, टॅब पालथाच. मी पलंगाच्या कडेला बसून म्हटलं, नाना, हवंय तरी काय तुम्हाला, एकदा कळू द्या, आणि मला रडूच फुटलं. पन्नाशीच्या माणसाला. नानांनी वळूनही बघितलं नाही.

रविवारी भाची आली. कोणाला काही न विचारता आजोबांच्या शेजारी बसली, टॅब सुलटा केला. नानांनी तिच्याकडे बघितलं. मग हळूच बाण दाबला, यादी तळापर्यंत नेली, तिचं बोट आपल्या डाव्या हातात धरलं आणि नेऊन ठेवलं शेवटच्या ओळीच्या खाली. तिथे काहीच नव्हतं. पांढरं. तरी तिथेच तिचं बोट आपटतायत, टक, टक, टक. भाची म्हणाली, "मामा, माझी ओळ होती ना इथे? आजोबा ती दाबायचे?" मी म्हटलं, "अगं, चुकून लागायची बोटाला." ती म्हणाली, "एवढ्या सगळ्या ओळी ओलांडून, सगळ्यात तळाची ओळ, रोज, चुकून?"

ती वळली, "आजोबा, तुम्हाला काही नको होतं ना? तुम्हाला आम्हाला विचारायचं होतं?" आणि नानांनी मान हलवली. उभी. एकदा नाही, हलवतच राहिले, डोळ्यांतून पाणी, आणि मान चालूच. अहो, बरोबरच आहे की! पस्तीस वर्षं हा माणूस बागेच्या फाटकाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, काय म्हणतोस, आई कशी आहे, पाय बरा झाला का. आणि तीन महिने झाले, आम्ही सगळे मिळून त्यालाच विचारत होतो! एक भोचक प्रश्न विचारायची सोय नव्हती बिचाऱ्याला. मला इतकी लाज वाटली, की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी धुतली.

दुसरं बटण केलं. 'विचारायचंय', शेजारी बाण. भाची एकेक वाक्य वाचायची, नाना मान हलवायचे. जेवलास का, जेवलीस का, कुठे चाललास, कोणाचा फोन होता, कुंड्यांना पाणी घातलं का, एवढा वेळ का लागला, हे तुला कोणी सांगितलं, आणि ते कशासाठी. आवाज परत माझाच भरला. आणि 'हवंय'च्या त्रेसष्ट ओळी? नानांनी फुली कशी आणायची ते बघून घेतलं आणि स्वतःच्या बोटाने छाटणी केली, पाच ठेवल्या. व्यायाम पहिल्या झटक्यात उडवला, आत्याची करंगळी त्यानंतर.

आता नाना उठून बसतात, पोटभर जेवतात आणि घरात माणूस आला की त्याची उलटतपासणी होते. मी दमूनभागून येतो, तर माझ्याच आवाजात मला दरडावतात, "एवढा वेळ का लागला?" मी माझ्याशीच हुज्जत घालतो! मिशीवाला हात वर करतो, की "ते कशासाठी?" तो बिचारा स्नायूंची माहिती वाचून यायला लागलाय. आत्या म्हणते, "दादा, किती रे चौकशा तुझ्या!" आणि दोन तास बसून उत्तरं देते.

आणि गेल्या मंगळवारी काय झालं सांगू? टॅब चार्जिंगला लावला होता. मी म्हटलं, नाना, चला, अंघोळ. आणि खर्रकन, गंजलेली बिजागरी हलावी तसा, त्यांच्या स्वतःच्या गळ्यातून आवाज आला, "का?"

हातातला टॉवेल पडला माझ्या! बायको धावत आली, मी तिचे हात धरून नाचलो हो, या वयात! डॉक्टरीणबाईंना फोन केला, बाई, शब्द आला! म्हणाल्या, "अरे वा! कुठला?" म्हटलं, "का." त्या म्हणाल्या, "उत्तम! मग तुम्ही काय उत्तर दिलंत?" उत्तर? ते कोणाला सुचलं होतं!

तेव्हापासून तो एकच शब्द. नाना, जेवा. का? नाना, गोळी. का? नाना, हसताय काय? का? शेवटी मीच भाचीला फोन केला, म्हटलं, बाई, आता मला एक बटण करून दे. उत्तरांचं. ती म्हणाली, "होईल की मामा, पाच मिनिटांचं काम आहे. ओळी काय काय घालू तेवढं सांगा."

सहा दिवस झाले, कागद घेऊन बसलोय. एक ओळ झालीय, 'असंच'.

नानांनी ती वाचली. आणि काय म्हणाले, ते मी तुम्हाला सांगायला नको.